मुका खुळखुळा

३ ऑगस्ट

प्रिय मावशी,
नमस्कार.

तुझ्या नियमाप्रमाणे फोटो न पाठवता फांदी पाठवते आहे. वर्तमानपत्रात दाबली, रोज कागद बदलला, वर वजन म्हणून जुन्या एक्स-रेंचा गठ्ठा ठेवला. आता तरी ओरडू नकोस.

आमच्या एक्स-रे खोलीच्या खिडकीतून हॉस्पिटलमागचा माळ दिसतो, हे तुला मागे लिहिलं होतं. दर रविवारी आम्ही चार टाळकी तिथे फिरतो. पुढारी आमचे दातवाले डॉक्टर. त्यांना फुलपाखरांचं वेड आहे आणि नावं सगळी चुकीची येतात, म्हणून तुझी आठवण रोज निघते. केना, एकदांडी ही रानफुलं माझी मी ओळखली. बिबळ्या कडवा हे फुलपाखरूही ओळखलं: नारिंगी, पंखांची टोकं काळी, त्यात पांढरे डाग. पुस्तकात मागच्या पंखावर काळे ठिपके दाखवलेत, ते मात्र दिसले नाहीत. उडून गेले असतील!

फांदीचं मात्र काही जुळेना. कमरेएवढं झुडूप, माळाच्या उताराच्या एकाच कोपऱ्यात आहे. फूल पिवळं, वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचं. वरच्या पाकळीच्या पाठीवर जांभळी रेघ आहे. सुकल्यावर ती जाईल म्हणून लिहून ठेवते, हेही तूच शिकवलंस. शेंगा अजून हिरव्या आहेत.

एक ठिपक्याएवढं निळं फुलपाखरू त्या झुडपाभोवती सारखं घोटाळतं.

नाव सांग. आणि तब्येत सांग.

तुझी,
ठकू

*

११ ऑगस्ट

चि. ठकू,
आशीर्वाद.

ठिपके उडून जात नसतात. तुझा बिबळ्या कडवा हा बिबळ्या कडवा नाही, छोट्या चांदव्याची मादी आहे. कडव्याला पक्षी तोंड लावत नाहीत, म्हणून ही बया त्याचा वेश घेऊन हिंडते. पक्षी फसतात. तू पक्षी नाहीस. निदान मी तुला तसं वाढवलेलं नाही.

फांदी नीट दाबली आहेस. पानं एकावर एक आली आहेत, पण तुझ्या मानाने बरं.

हा खुळखुळा आहे. रस्त्याकडेला हवा तेवढा उगवतो. वाळलेली शेंग हलवली की वाजते, म्हणून पोरं खेळतात. जांभळ्या रेघेचं एवढं कौतुक नको. पिवळ्या फुलांना असल्या रेघा असतातच. कागदावर नाव लिहून परत पाठवते आहे. चाळीस वर्षांत माझं एकही नाव चुकलेलं नाही, तेव्हा दातवाल्यांना दाखवून टाक.

तब्येतीला काय धाड भरली आहे? अक्षर वाकडं दिसत असेल तर पेन खराब आहे.

तुला आता चाळिशी लागेल. रविवारी माणसं घर आवरतात.

तुझी,
मावशी

*

२४ ऑगस्ट

प्रिय मावशी,

चांदव्याचं ऐकून डॉक्टर डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, "तुमच्या मावशींनी मला शिकवलं असतं तर मी दात सोडून हेच केलं असतं." मी म्हटलं, तिने शिकवलं असतं तर तुम्ही दोन्ही सोडलं असतं.

आता थट्टा बाजूला. माळावर आमच्या हॉस्पिटलला गाड्या लावायला जागा करायची आहे. बुलडोझर फिरवून सपाट, वर काँक्रीट. आम्ही फिरणाऱ्यांनी हरकत घेतली. अधीक्षक माणूस वाईट नाही. म्हणाले, "तिथे जपण्यासारखं काही आहे असं एखाद्या जाणकाराने लिहून द्यावं, मी जागा पलीकडच्या अंगाला हलवतो. नुसतं मला आवडतं म्हणून चालणार नाही." त्यांच्या समितीच्या टेबलावर तुझंच पुस्तक आहे, मावशी. तुझं पत्र आलं तर कोणी ब्र काढणार नाही.

म्हणून पुन्हा विचारते, रागावू नकोस. ते निळं फुलपाखरू मी दोन रविवार बसून पाहिलं. मादी त्या झुडपाच्या पानावर उतरते, पायांनी पान चाचपते आणि कळीशेजारी एक अंडं ठेवते. रस्त्याकडेचा खुळखुळाही मी पाहिला. तिथेही ती उतरते, चाचपते आणि उडून जाते. एकदाही अंडं घातलं नाही. तूच सांगायचीस ना मला लहानपणी, की मादी पायांनी चव घेते आणि तिचं चुकत नाही, चुकतं ते आपलं? मग ही दोन झाडं एकच कशी?

सपाटीकरण ऑक्टोबरअखेर आहे. त्या खिडकीतून मी दिवसभर लोकांची मोडकी हाडं बघून डोळे उचलते तेव्हा समोर तो माळ असतो. तो गेला तर मला इथे काही उरत नाही. एवढं एक कर.

तुझी,
ठकू

*

२ सप्टेंबर

चि. ठकू,

लहानपणी मी तुला चंद्रावर ससा आहे असंही सांगितलं होतं. तेही अजून धरून बसली आहेस का?

फुलपाखरं चुकतात. अंडी भलत्याच पानावर घालतात आणि अळ्या उपाशी मरतात. मी पाहिलं आहे. तुझे दोन रविवार म्हणजे अभ्यास नव्हे, वेळ घालवणं आहे. कॉलेजात अशी मुलं दरवर्षी यायची, ज्यांना प्रत्येक तणात चमत्कार दिसायचा. त्यांना मी पहिल्या बाकावर बसवायचे, हसू आलं तर सगळ्यांना दिसावं म्हणून.

पत्र हवं म्हणतेस तर देईन. जे आहे ते लिहीन, तुझ्या आवडीचं लिहिणार नाही. तू मध्ये नको, मी ते थेट अधीक्षकांना पाठवते.

आणि हे "मला इथे काही उरत नाही" काय आहे? इथल्या हॉस्पिटलात एक्स-रेच्या माणसाची जागा निघाली आहे. तुझी जुनी खोली कपाटांनी भरली आहे, ती रिकामी करता येईल. मी काही आग्रह करत नाही. मला कोणाची गरज नाही. समोरची शिंपीणबाई उगाच येऊन स्वयंपाकघरात लुडबुडते, तीच पुरे.

तुझी,
मावशी

*

१९ सप्टेंबर

मावशी,

काल समितीची बैठक झाली. मला वाटलं होतं तुझं पत्र अधीक्षक आपल्यापाशी ठेवतील, पण त्यांनी उभं राहून वाचलं. "सदर माळावर केवळ सर्वत्र आढळणारी तणे आहेत. जपण्याजोगे काहीही नाही." इथवर ठीक होतं. पुढचं वाक्यही वाचलं: "हरकत घेणारी व्यक्ती माझी भाची असून तिला वनस्पतींतले काही कळत नाही, हे मी तिला वाढवले असल्याने खात्रीने सांगू शकते."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. हिशेबनीस म्हणाला, "अहो, घरचाच आहेर!" दातवाले डॉक्टर हसले नाहीत, पण मान खाली घालून बसले, ते मला जास्त लागलं. मी पहिल्या रांगेत होते. तुझ्या मनासारखं झालं.

ते वाक्य कशासाठी होतं? तणं आहेत तर तणं आहेत, तुझ्या शब्दापुढे मी कधी गेले आहे? पण ते वाक्य, मावशी?

ठकू

*

२६ सप्टेंबर

चि. ठकू,

सत्य सांगितलं की लोक हसतात. त्याला माझा इलाज नाही.

ते वाक्य तुझ्याच भल्यासाठी होतं. नाहीतर तू उन्हातान्हात फलक घेऊन उभी राहिली असतीस आणि उद्या पेपरात नाव आलं असतं. आता सगळ्यांना कळलं, विषय संपला. ज्या माणसांमध्ये हसं झालं तिथे रोज तोंड दाखवायचं तुला जड जाईल, हे मला समजतं. म्हणूनच म्हणते, इथली जागा अजून भरलेली नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या हातात आहे. मी त्याला थांबवून ठेवलं आहे.

दातवाला मान खाली घालून बसला म्हणतेस. दात उपटणारा माणूस, त्याला सवय असते.

कपाटं हलवायला माणूस बोलावला आहे.

तुझी,
मावशी

*

३० ऑक्टोबर

प्रिय मावशी,

सोमवारी बुलडोझर आला. मी कामावर होते. एका म्हातारबाबांच्या खुब्याचा एक्स-रे काढताना खिडकीचे पडदे लावून घेतले, पण आवाज येत राहिला. बाबा म्हणाले, "पोरी, तू का कण्हतेस? मोडलंय माझं." संध्याकाळी पाहिलं तर लाल मातीचं पटांगण झालं होतं. त्या मातीवर ती निळी फुलपाखरं दोन दिवस घिरट्या घालत होती. उतरायचं कुठे ते त्यांना कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दिसली नाहीत.

तू म्हणतेस तेच खरं असेल. इथे आता माझ्याने राहवत नाही. मी राजीनामा लिहून ठेवला आहे, नोव्हेंबरअखेर देईन. तुझ्या विद्यार्थ्याला सांग, मी येते.

मागच्या पत्रात रागाने लिहिलं, ते मनावर घेऊ नकोस. तू नसतीस तर आई गेल्यावर माझं काय झालं असतं?

तुझी,
ठकू

*

६ नोव्हेंबर

चि. ठकू,
अनेक आशीर्वाद.

शहाणी झालीस. येताना सामान कमी आण, इथे सगळं आहे. तुझ्या खोलीला रंग देऊन घेतला. खिडकीखाली तुझं जुनं टेबल आणून ठेवलं आहे. गादी नवी भरून घेतली. शिंपीणबाई पडदे शिवते आहे. रंग विचारत होती, मी निळा सांगितला.

सकाळी आपण दोघी फिरायला जाऊ. इथेही वाटेवर पुष्कळ काही उगवतं. मी तुला सुरुवातीपासून नीट शिकवीन.

गाडी कोणती ते लगेच कळव.

तुझीच,
मावशी

*

१९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

यायला थोडा उशीर होतो आहे. हॉस्पिटलला माझ्या जागी माणूस मिळेना. रागावू नकोस.

मध्ये एक काम आहे. दातवाल्या डॉक्टरांची बहीण दूरच्या एका डोंगराळ गावात शाळेत शिकवते. तिने तिथल्या टेकडीवरून एक फांदी आणली आहे, ती सोबत पाठवते. शेंगा वाळलेल्या आहेत, एक उशिरा आलेलं फूलही आहे. बाई अगदी नवख्या आहेत, मुलांना शिकवायचं म्हणून ओळख कशी करायची तेही त्यांना हवं आहे. माझ्यासारख्या मंद माणसाला लिहितेस तसं नको, त्यांना जरा खुलवून लिही. पत्र डॉक्टरांच्या पत्त्यावर पाठव, ते पोचवतील.

तुझी,
ठकू

*

२७ नोव्हेंबर

श्रीमती ताई यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, पण आपल्या फांदीने मला आज पोरीसारखं नाचवलं. आपण जे आणलं आहे त्याची आपल्याला कल्पना नसणार. हा मुका खुळखुळा आहे. माझ्या शिक्षिकेने तरुणपणी पाहिला होता. त्यानंतर कोणालाही तो सापडलेला नाही. मी स्वतः आयुष्यभर शोधला, वाळलेल्या फांदीवर पहिल्यांदा हात फिरवते आहे.

मुलांना सांगायला सोपी खूण अशी. साध्या खुळखुळ्याची वाळकी शेंग हलवली की आतल्या बिया सुट्या होऊन वाजतात. याच्या बिया शेंगेच्या भिंतीला चिकटून राहतात, म्हणून आवाज येत नाही. आपण हलवून पाहा.

पण शेंगा वाळेपर्यंत थांबायचीही गरज नाही. वरच्या पाकळीच्या पाठीवर जांभळी रेघ असते. आपलं फूल सुकलं आहे तरी भिंगाखाली ती दिसली. दुसऱ्या कोणत्याही जातीच्या खुळखुळ्याला ती नसते. कोणी नुसती ही रेघ पत्राने कळवली असती, तरी मी झाड न बघता नाव सांगितलं असतं.

कळीच्या देठाशी फुलपाखराच्या अंड्याचं रिकामं टरफलही सापडलं. हे एक छोटं निळं फुलपाखरू, ते फक्त याच झाडावर अंडी घालतं. मादी पायांनी पान चाखून पाहते. तिचं कधीही चुकत नाही.

ती टेकडी जपा, ताई. कोणी हात लावू लागलं तर मला कळवा. माझ्या एका पत्राने काम थांबेल, एवढा मान मला अजून आहे.

फांदी मी माझ्या संग्रहात ठेवून घेते. आपण नाही म्हणणार नाही.

आपली नम्र,
(निवृत्त वनस्पतिशास्त्र प्राध्यापिका)

*

५ डिसेंबर

मावशी,

दातवाल्या डॉक्टरांना बहीण नाही.

फांदी आमच्याच माळावरची आहे, त्याच झुडपाची. बुलडोझर यायच्या आदल्या रविवारी मी तोडली आणि एप्रनच्या खिशात विसरले. सामान बांधताना एप्रन झटकला, फांदी खाली पडली, शेंगा फरशीवर आपटल्या. आतून काही वाजलं नाही. मी एकेक शेंग कानाशी नेऊन हलवली. तुझ्याबद्दल तसं काही मनात आणायची मला लाज वाटत होती, म्हणून तुलाच विचारलं. परक्या बाईला तू खरं सांगशील असं वाटलं. सांगितलंस.

जांभळी रेघ मी तुला ऑगस्टमध्ये लिहिली होती. अंड्यांचंही लिहिलं होतं. तेव्हा फुलपाखरं चुकत होती.

तुझ्या समोरच्या शिंपीणबाईंनी मला मागच्या आठवड्यात एक पाकीट पाठवलं. "मावशींना कळू देऊ नका, पण तुम्ही यातल्या आहात, बघून सांगा." त्यात तुझ्या उजव्या मनगटाचे दोन एक्स-रे होते. एक जुलैचा, एक गेल्या महिन्यातला. न्हाणीघरात पडलीस, त्यांनी दार तोडून उचललं, हेही त्यांनी लिहिलं. मावशी, हाड वाकडं जुळलं आहे. आता सरळ करायचं तर पुन्हा मोडावं लागेल. माझ्या धंद्यात मीही नाव चुकत नाही.

पडले, एकटीने होत नाही, ये, एवढं लिहिलं असतंस तर मी त्याच रात्रीची गाडी धरली असती. माळ तसाच राहिला असता आणि मीही आले असते. तुला मागायचं नव्हतं. मला कुठे जागाच उरू द्यायची नाही, हे तुला सोपं वाटलं.

राजीनामा फाडला. डॉक्टर आणि मी तुझी दोन्ही पत्रं, अधीक्षकांना लिहिलेलं, त्यांच्याकडून मागून आणलेलं, आणि बहिणीला लिहिलेलं, शेजारी शेजारी ठेवून समितीला देणार होतो. पण तुला एक संधी देते. मला लेखी कळव: ऑगस्टमध्ये तुझी ओळखण्यात चूक झाली, की तू खोटं बोललीस? चुकलीस असं लिहिलंस तर वयाचा दोष म्हणून मी दोन्ही पत्रं जाळीन, कोणाला काही बोलणार नाही, आणि येऊन तुझ्याजवळ राहीन. निळे पडदे असू देत.

एवढंच एक वाक्य. मी वाट पाहते.

ठकू

*

२० डिसेंबर

चि. ठकू,

उजवा हात आता पेन धरत नाही. डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून उशीर.

तुझं पत्र शिंपीणबाईकडून मोठ्याने वाचून घेतलं, डोळे दुखत होते. वाचून झाल्यावर ती पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "लिहा हो मावशी, चुकले म्हणून लिहा. पोर येईल. एका शब्दाने काय जातं तुमचं?" तिला मी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

मी चुकले नव्हते. तुझी फांदी ऑगस्टमध्ये पाकिटातून अर्धी बाहेर आली तेव्हाच मला नाव कळलं होतं.

पत्रं समितीला द्यायची असतील तर दे. मात्र पहिल्या फांदीचा कागद आधी इकडे पाठव. त्यावर माझ्या अक्षरात चुकीचं नाव लिहिलेलं आहे. ते तसं राहता कामा नये.

मावशी